कठड्यावरचं तपकिरी कापड

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार

तोंड उघडलंच नाही तिने!

महिन्याचा पहिला शुक्रवार. आमचे धर्मगुरू लिबिन अच्चन आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर फिरतात, ते आले. मी मेज पुसलं, पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली आणि अम्माला कुमसार करता यावा म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. पापं काय, ती अच्चनच्याच कानात सांगायची असतात. दोन मिनिटांत अच्चन बाहेर. "नको म्हणतात." हा तिसरा महिना. गेल्या दोन वेळा म्हणाली, डोकं दुखतंय. आज तेही नाही. नुसती मान भिंतीकडे.

एक्क्याण्णव वर्षांची झाली. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, महिना काढतील, फार तर दोन. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही.

अच्चन वाईट वाटून घेत नाहीत. स्कूटर चालू करताना — मला ते ताईच म्हणतात — म्हणाले, "कुंजिलाचेची, त्यांच्या मनात काहीतरी अडकलंय. घाई करू नका."

काय अडकलंय ते मला माहीत आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती एका ओळीला गप्प होते. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर.' पूर्ण ओळ गिळते, मग पुढे 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस'पासून पुन्हा सुरू. पंचेचाळीस वर्षं! अप्पन, माझे वडील, होते तोवर त्यांच्या खर्जात ते लपायचं. ते गेल्यापासून घरात दोघीच, आणि त्या ओळीला एकटा माझा आवाज.

तिचा अपराधी कोण? समोरच्या चटईवर बसलेली असते ना मी!

५ ऑक्टोबर

पेज अर्धी वाटी. "मीठ कमी आहे." जिभेला सगळं कळतं अजून.

८ ऑक्टोबर

सकाळी घंटा वाजली. शेवटी तीन ठोके. शेजारची रोसिली कुंपणावरून ओरडली, "पुरुष गेला गं! तीन पडले. बहुतेक पुलाजवळचा म्हातारा." आमच्या चर्चची रीतच तशी — बाई गेली तर लांब घंटेनंतर दोन ठोके, पुरुषाला तीन. रोसिली चुलीपुढे बसून निम्मं गाव ओळखते. अर्ध्या तासाने नाव कळलं, पुलाजवळचाच.

दुपारी पोरिंचूचेट्टन आला. चर्चचा कप्यार — घंटा त्याची, किल्ल्या त्याच्या, सेमेटरीतलं गवतही त्याचंच. पहिल्या कम्युनियनच्या पोरांसाठी वेंतिंगं शिवायची ऑर्डर घेऊन आला होता. अठ्ठावीस. तपकिरी लोकरी कापडाचे दोन लहान चौकोन, दोन दोऱ्यांनी जोडलेले, एक छातीवर, एक पाठीवर. कार्मेल मातेचं कापड. ते गळ्यात असताना मरण आलं तर नरकाची आग शिवत नाही म्हणतात. तीस वर्षं मीच शिवते.

कॉफी पिता पिता म्हणाला, "नवीन भानगड ऐकलीस? अच्चनने कमिटीत सांगितलं, दोन नोव्हेंबरला सगळ्या कबरींवर प्रार्थना झाली की मी मागच्या भिंतीपाशी पण जाणार."

माझी सुई थांबली. मागच्या भिंतीपाशी तेम्माडीखड्डा आहे. वाया गेलेल्यांची जागा. ज्यांनी स्वतःचा जीव स्वतः घेतला त्यांना तिथे पुरत — क्रूस नाही, घंटा नाही, अच्चन नाही. आता नाही पुरत कुणाला. पण पुरलेले तिथेच आहेत.

"कमिटी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? एक म्हणाला, मग चांगलं मरणाऱ्याला काय फायदा? दुसरा म्हणाला, तिथे सापाची बिळं आहेत. अच्चन म्हणाले, सापांचं मी बघतो." मग कप खाली ठेवून हळूच, "अम्माला सांगशील ना?"

नाही सांगितलं.

१० ऑक्टोबर

लिहूनच टाकते. पंचेचाळीस वर्षांत एकदाही लिहिलं नाही.

मार्च १९७४. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, घरात मासे-मटण बंद. मी तेरा वर्षांची. माझा भाऊ इनाशू एकोणीसचा. थोरला. तो पोटात असतानाच अम्माने नवस केला होता — मुलगा झाला तर देवाला देईन. दिला. पंधराव्या वर्षी सेमिनारीत गेला, अख्खं गाव जेवायला होतं. आणि ७३च्या नाताळात पेटी घेऊन परत आला. "मला अच्चन व्हायचं नाही." बस, एवढंच बोलला.

सेमिनारीतून परत आलेला मुलगा म्हणजे काय ते आमच्याकडे जन्मलेल्यालाच कळेल. त्याच्यापेक्षा जेलमधून आलेला बरा! अम्मा त्याला जेवायला वाढायची पण बोलायची नाही. अप्पन कौलांच्या कारखान्यात, पहाटे जायचे ते रात्री यायचे. इनाशू दिवसभर विहिरीपाशी बसायचा. मला गणित शिकवायचा. भागाकारात मी चुकले की म्हणायचा, "हरकत नाही, बाकी उरू दे, बाकी पण कुणाला तरी लागते."

त्या सकाळी अम्मा चर्चला, मिस्सेला गेलेली. मी उठून तोंड धुवायला मागे गेले. बादली आडवी पडलेली. कठड्यावर इनाशूचं वेंतिंगा. आणि मग मी खाली पाहिलं.

ते नाही लिहीत.

तासाभरात अंगण भरलं. जुने विकारी, म्हणजे तेव्हाचे चर्चचे मुख्य अच्चन, आले. जो तो म्हणत होता — पाय घसरला, कठडा बुटका, पोरगं पाणी काढत होतं. विकारी मान हलवत होते. त्यांनी पोरिंचूचेट्टनला घंटा वाजवायला पाठवलं सुद्धा. तेव्हा तो नुकताच लागलेला, पळत गेला.

आणि मी पुढे झाले. कुणी विचारलं नव्हतं! "अच्चो, त्याचं वेंतिंगा कठड्यावर होतं. काढून ठेवलेलं. मी पाहिलं."

मातेचं कापड आपल्या हाताने काढून ठेवून कोण जातो? आपण कुठे चाललोय हे ज्याला ठाऊक आहे तोच. विकारींनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. खोटं बोलणं पाप आहे हे त्यांनीच तर शिकवलं होतं. ते वळले आणि कुणाला तरी म्हणाले, जा, घंटा थांबव. एक ठोका पडला होता. एकच.

अम्माने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मी अजून विसरले नाही.

तेम्माडीखड्ड्यात पुरलं त्याला. अप्पन, कारखान्यातले चौघे आणि पोरिंचूचेट्टन. बायकांना येऊ दिलं नाही. पुढच्या रविवारी विकारींनी धर्मवर्गात मला उभं केलं आणि संत अल्फोन्साचं... नाही, तेव्हा त्या संत कुठे झाल्या होत्या. कोणा दुसऱ्याच संताचं चित्र होतं. "सत्य बोलणारी मुलगी" म्हणून बक्षीस! अजून आहे माझ्याकडे. टाकवत नाही, बघवत नाही.

१४ ऑक्टोबर

त्या दिवशी लिहिता लिहिता एक राहून गेलं. त्या वर्षी मी विहिरीत दगड टाकायचे. कठड्यावरून सोडायचा आणि येशूला, इनाशूच्या वतीने, 'ईशोये, चुकलो' म्हणायचं — पाण्याचा आवाज यायच्या आत पूर्ण होतं का? हळू म्हटलं तर नाही. भरभर म्हटलं तर होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आरामात होतं. मार्चमध्ये पाणी खालीच असतं! तेरा वर्षांच्या मुलीला केवढा आधार होता त्याचा. मग एक दिवस अप्पननी वर लोखंडी जाळी बसवली.

अम्मा त्या विहिरीचं पाणी पीत नाही. तेव्हापासून पंचायतीच्या नळाचं, नाहीतर शेजारचं. मी पिते. गोड आहे.

१९ ऑक्टोबर

अच्चन वेंतिंगं न्यायला आले. बावीसच झाली होती. "बाकीच्या सहांनी तोवर मरायचं नाही," म्हणाले आणि स्वतःच हसले. फुटबॉल खेळून आले होते, झग्याखाली गुडघा सोललेला.

मला राहवलं नाही. "अच्चो, इनाशू कुठे आहे?"

त्यांनी मला थोपटून वगैरे काही उत्तर दिलं नाही. विचार केला. "मला माहीत नाही, चेची. जुन्या विकारींनाही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं माहीत आहे, एवढाच फरक."

"पण पश्चात्तापाला वेळ लागतो ना?"

"घड्याळ आपलं आहे. देवाचं नाही." मग म्हणाले, "आणि माणसाचं मन त्या वेळी किती आजारी असतं? ताप आलेल्या पोराने कप फोडला तर तुम्ही त्याला घराबाहेर काढाल? चर्चलाही हे कळलंय, उशिरा का होईना. प्रार्थना करू नका असं कुठलाच कायदा आता सांगत नाही. सवय तेवढी सांगते."

चौघे आहेत त्या खड्ड्यात. त्यांना नावं मोठ्याने वाचायची आहेत. घरच्यांची परवानगी हवी म्हणून आत गेले, अम्माच्या खाटेपाशी वाकून सगळं सांगितलं.

अम्मा म्हणाली, "नको. त्याचं नाव घेऊ नका."

"का, अम्मच्ची?"

"मी नको म्हणते ना!"

एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला एवढा मोठा आवाज!

२० ऑक्टोबर

भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडले, देवा.

मी म्हटलं, "मला माफ करू नकोस. जन्मभर केलं नाहीस, आता कशाला. पण त्याने काय केलंय? तुझ्या नवसाचा होता म्हणून मेल्यावरही शिक्षा? एक पाण्याचा शिंतोडा नको त्याला?"

ती छताकडे बघत राहिली. पाल होती तिथे.

मी म्हटलं, "बोल ना काहीतरी!"

"लंगोट ओला झालाय," म्हणाली.

बदलला. दोघी रडत होतो, आपापल्या बाजूला तोंड करून. आपलेच दात, आपलेच ओठ.

२१ ऑक्टोबर

भरवायचं तेवढं भरवलं, बदलायचं तेवढं बदललं.

२४ ऑक्टोबर

दुपारपासून गडगडाट. वीज गेली. हाताने सहा वेंतिंगं संपवली. दोरी चौकोनाच्या आत घालून चार टाके आडवे, दोन उभे. मी शिवलेलं तुटत नाही. पोरं ओढाताण करतात म्हणून.

२९ ऑक्टोबर

सकाळी अम्मा म्हणाली, "पेटी काढ. जायचे कपडे उन्हाला टाक."

तिने स्वतःच जमवून ठेवलेत केव्हापासून — अंगात घालायचा पांढरा चट्टा, मागे पंख्यासारख्या चुण्या घालून नेसायचं लांब मुंडू, आणि मंत्रकोडी, म्हणजे लग्नातली जरीची साडी, ती तोंडावर पांघरायची असते. चुण्या मीच घालायच्या. "वीस घाल. रोसिलीच्या सासूला तेरा घातल्या होत्या, केरसुणीसारखं दिसत होतं." मरणाचं बोलतानाही शेजारणीची उणीदुणी!

पेटी अंगणात नेली. मंत्रकोडी उलगडली. जरीच्या घडीतून काहीतरी पडलं.

इनाशूचं वेंतिंगा.

मला वाटत होतं विकारी घेऊन गेले. तपकिरीचं काळपट झालंय. मातेचं चित्र अर्धं पुसलं गेलंय. मी मांडीवर घेऊन बसले, कितीतरी वेळ. मग हाताच्या सवयीने उलटं केलं, शिलाई पाहिली.

आणि पाहतच राहिले.

एक दोरी छातीवरच्या चौकोनातून उपटून निघालीय. टाक्यांसकट. कापडाचा कोपरा फाटलाय, धागे ओढले गेलेत — समोरच्या बाजूला. दुसरी दोरी शाबूत. तीस वर्षं शिवतेय मी ही. आपलं आपण काढणारा माणूस डोक्यावरून काढतो. दोरीला धक्कासुद्धा लागत नाही. असं फाटतं ते एकाच तऱ्हेने. समोर उभं राहून कुणीतरी मुठीत धरून हिसडा दिला की.

त्या सकाळी मी तेरा वर्षांची होते. कापड पाहिलं. शिलाई नाही पाहिली.

अम्माला काही बोलले नाही. सगळं परत घडी घातलं. वेंतिंगा माझ्या पोलक्यात आहे.

३० ऑक्टोबर

विचारलं.

पेज भरवून झाली होती. मी तिच्या हातात ठेवलं. फाटका कोपरा वर.

तिने बोटांनीच ओळखलं. डोळे उघडले नाहीत.

"सापडलं का."

"कुणी ओढलं हे?"

तिला दम लागला होता. मी उशी वर केली. मग सांगितलं — थांबत, पाणी मागत. जसं आठवतंय तसं लिहितेय.

"त्या सकाळी मी मिस्सेला निघाले होते. तो विहिरीपाशी होता. म्हणाला, अम्मा, मला परत पाठवू नको, मी अप्पनबरोबर कारखान्यात जातो, कौलं उचलतो. मी म्हटलं, देवाला दिलेलं परत घेता येत नाही. तो म्हणाला, मग मी कुणाचा? मी… मी त्याच्या गळ्यातलं धरलं. म्हटलं, मातेचं कापड तुझ्या अंगावर शोभत नाही. ओढलं. कठड्यावर टाकलं. आणि मिस्सेला गेले."

"मग?"

"मग काय. कम्युनियन घेतलं. त्याच जिभेने. परत आले तर अंगण भरलेलं."

मी म्हटलं, "विकारींसमोर का नाही बोललीस? मी तोडलं म्हणाली असतीस तर घंटा थांबली नसती. घसरला म्हणूनच गेला असता तो."

तिने कापड मुठीत आवळलं. मग, "लोक होते ना."

एवढंच. लोक होते.

"आणि माझ्याकडे तसं बघितलंस ते? जन्मभर मला वाटलं —"

"तुझ्याकडे नव्हते गं बघत. तू पुढे काय बोलतेस ते बघत होते. मला वाटलं तू आतून ऐकलंस. आता सांगशील, अम्मानेच तोडलं." तिने माझा हात शोधला. मी दिला नाही. "तुझ्याशी मनातलं बोलायला लागले असते तर तेच बोलले असते. म्हणून नाही बोलले."

"ती ओळ?"

"माफ कर म्हणायला तोंड कुठे होतं मला?"

म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते. पंचेचाळीस वर्षं मी ज्या शांततेत जगले ती माझ्यासाठी नव्हतीच!

३१ ऑक्टोबर

राग येतोय. इतका, की सकाळी तिचा कप आपटला. फुटला.

दोन स्थळं आली होती मला. एक चालाकुडीचा होता, शिक्षक. तेम्माडीची बहीण म्हणून परत गेला. मला वाटायचं, बरोबरच आहे, मीच भावाला तिकडे ढकललं. कुणी म्हटलं नव्हतं, 'पोरी, तू लहान होतीस.' एवढं एक वाक्य! तिच्याकडे होतं ते. पेटीत, जरीच्या घडीत.

आणि इनाशू? कापडाशिवाय का गेला — तर त्याने टाकलं म्हणून नाही. त्याच्या अंगावरून काढून घेतलं म्हणून. त्याने मुद्दाम उडी घेतली की मन थाऱ्यावर नसताना पाय गेला, कुणाला ठाऊक! पण देवाला पाठ दाखवून गेला म्हणून जे गाव पंचेचाळीस वर्षं म्हणतंय, ते माझ्या एका वाक्यावर. आणि तिच्या एका गप्प बसण्यावर.

कॉन्व्हेंटच्या चॅपलला एकटीच जायची ती, वर्षानुवर्षं. मला वाटायचं भक्ती. आता वाटतं, कम्युनियनच्या रांगेत ही नाही हे तिथे कुणी मोजत नव्हतं म्हणून.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. सवयीने. ती ओळ आली. आणि खाटेवरून आवाज आला — बारीक, चिरका, पण आला. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो…' सगळी ओळ म्हटली तिने.

मला नाही म्हणता आली. माझे ओठच हलेनात. आज एकटा तिचा आवाज होता.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला शुक्रवार. अच्चन आले, सोबत पोरिंचूचेट्टन मेणबत्ती घेऊन. मी नेहमीसारखी बाहेर निघाले.

"थांब," अम्मा म्हणाली. "दार उघडं ठेव. रोसिलीला हाक मार."

अच्चन म्हणाले, "अम्मच्ची, कुमसार एकट्याने करायचा असतो."

"तो नंतर. हा वेगळा."

रोसिली पदराला हात पुसत आली. मला वाटलं जीव जाईल इथेच, म्हातारी इतकी धापा टाकत होती. पण बोलली. उशीला टेकून, एकेकाकडे बघत. "माझ्या पोराने वेंतिंगा काढलं नव्हतं. मी तोडलं. हिने पाहिलं ते खरं सांगितलं. मी माहीत असून गप्प बसले. पोरिंचू, तू ऐकलंस ना? रोसिली, तू गावभर सांग. तुला सांगावं लागत नाही म्हणा."

रोसिली ओच्यात तोंड खुपसून रडायला लागली.

पोरिंचूचेट्टन भिंतीला टेकला. "अम्मच्ची, दोर माझ्या हातात होता," म्हणाला. "एक ठोका देऊन झाला होता. पंचेचाळीस वर्षं तो एक ठोका माझ्या कानात आहे."

मग अच्चननी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. दार लागलं. वीस मिनिटं. मी अंगणात विहिरीच्या जाळीवर हात ठेवून उभी होते. दार उघडलं तेव्हा अच्चनचे डोळे लाल होते. पांढऱ्या कापडावर ताटली रिकामी.

तोंड उघडलं तिने.

जाताना अच्चनना म्हणाली, "उद्या नाव घ्या त्याचं. पूर्ण घ्या. इग्नात्सियूस."

संध्याकाळी ती ओळ. पुन्हा तिचाच आवाज. मी ओठ मिटून.

२ नोव्हेंबर

सगळ्या मृत आत्म्यांचा दिवस. अच्चन कबरीकबरीवरून फिरले, धूप, पाणी. मग मागच्या भिंतीकडे वळले. अर्धे लोक थबकले. अर्धे गेले. कमिटीतला तो साप म्हणणारा पुढे होता, काठी घेऊन — गवत बाजूला सारत.

पोरिंचूचेट्टनने सगळं साफ केलं होतं. चार दगड. अच्चननी चार नावं वाचली. पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. मी पुसला नाही.

इनाशूच्या दगडापाशी मी म्हटलं, "चुकले रे. मी फक्त कापड पाहिलं." मला वाटतं, त्याने काही मनात धरलं नसेल. तो भागाकार चुकला तरी रागवायचा नाही.

अप्पनच्या कबरीवर मेणबत्ती लावायला विसरले. परत गेले.

४ नोव्हेंबर

दूध नको म्हणते. पाणी, तेही चमच्याने. दुपारी म्हणाली, "विहिरीचं आण." आणलं. दोन चमचे प्यायली. "गोड आहे," म्हणाली. मी सांगत होते की इतकी वर्षं!

५ नोव्हेंबर

आज शिवलं. दोरी कोपऱ्यात आत घेतली, फाटलेल्या जागी मागून ठिगळ दिलं, चार टाके आडवे, दोन उभे. पाच मिनिटांचं काम.

तिच्या गळ्यात घातलं. डोकं उचलावं लागलं, हलकं झालंय पोरासारखं.

"कुणाचं?"

"तुझ्या मुलाचं."

तिने हात वर आणून छातीवरचा चौकोन चाचपला. शिलाईवर बोट फिरवलं. "नीट शिवलंस," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या शिवणाला पहिल्यांदा!

राग गेलाय असं नाही. चालाकुडीचा शिक्षक काही परत येत नाही. पण संध्याकाळी ती ओळ आली तेव्हा तिचा आवाज अर्ध्यावर तुटला, दम पुरला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. उरलेली मी म्हटली. मग वाटलं, अर्धीच कशाला — पहिल्यापासून म्हटली, पूर्ण, तिचा हात धरून.

७ नोव्हेंबर

अम्मा गेली. दुपारी सव्वातीनला, झोपेतच. चुण्या वीस घातल्या.

पोरिंचूचेट्टनने घंटा वाजवली. लांब घंटा, मग दोन ठोके. मी मेणबत्ती लावत होते. थोडा वेळ शांत. आणि पुन्हा सुरू झाली — सुरुवातीपासून, सगळी. शेवटी तीन ठोके.

रोसिली मागच्या दाराने धावत आली. "अगं, तीन पडले! अजून कोण गेलं? पुरुष कोण गेला?"

मी म्हटलं, "आमचा इनाशू."